वज्रकेतूचा गळा

जैतूननं माझा हात धरला, स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि मान हलवली. नाही.

मला वाटलं, घसा धरलाय. मार्च महिना होता, वसतिगृहात दोन मुलं आधीच तापानं झोपून होती. मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं. तरी स्वयंपाकघराकडे वळून चंद्रामावशींना म्हटलं, भांडंभर पाणी कोमट करा, मीठ टाका, हिला गुळण्या करू देत.

जैतून तेव्हा दहा वर्षांची होती. एखाद्या मठ्ठ पण गुणी मुलाकडे बाईंनी पाहावं, तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. मग टीव्हीकडे बोट केलं, पुन्हा माझा हात ओढून गळ्यावर ठेवला आणि पुन्हा मान हलवली. तिच्यामागे सतरंजीवर बसलेली सगळी मुलं आपापल्या गळ्यावर हात ठेवून बसली होती. मालिकेचा भाग संपून साबणाची जाहिरात लागली होती, तरी एकही मूल उठलं नव्हतं. एरवी शेवटची नावं वर सरकायला लागली, की अंगणात पळापळ व्हायची.

"सगळ्यांचेच घसे बसले की काय?" चंद्रामावशी पदराला हात पुसत दारात आल्या. "मग घागरभरच तापवते."

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी आमची शाळा होती, कर्णबधिर मुलांची, निवासी. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण शाळा अजून आहे आणि आता तिथं पुष्कळ बदललं आहे. मी तेव्हा बावीस वर्षं तिथं मुलांना बोलायला शिकवत होते.

ज्यानं जन्मात आवाज ऐकला नाही त्याला आवाज काढायला शिकवायचं, म्हणजे डोळ्यांनी आणि हातांनी शिकवायचं. 'प' म्हणताना ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची, ती फडफडली पाहिजे. 'ब' म्हणताना पट्टी जेमतेम हलते, पण गळा थरथरतो. ती थरथर कळावी म्हणून मुलाचा हात आधी माझ्या गळ्यावर ठेवायचा, मग त्याच्या स्वतःच्या. समोर आरसा असायचा. हनुवटी धरून ओठ नीट करायचे. जमलं नाही, की परत. एका शब्दाला कधी कधी तीन महिने जात. मुलांनी त्यांच्या भाषेत माझं नाव ठेवलं होतं, हवेत तर्जनी गोल फिरवायची. परत. मी दिवसभर दुसरं काही म्हणतच नसे.

त्यांच्या भाषेत, म्हणजे हातांच्या. पण ती भाषा आमच्या शाळेत बंद होती. 'हात खाली' हा पहिला नियम. मी तसं म्हटलं, की वर्गातल्या बारा मुलांचे हात मांड्यांखाली जात. मुख्याध्यापक हळबे सरांचं म्हणणं असं, की घाटाखालून सपाट वाट दिसली तर घाट कोण चढेल? हात मोकळे सोडले तर तोंड उघडणार नाही, आणि उद्या बाजारात, बँकेत, दवाखान्यात यांचे हात वाचणार कोण? सर दुष्ट नव्हते. त्यांच्या धाकट्या भावाला ऐकू येत नसे, आणि घरच्यांनी त्याला आयुष्यभर गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं होतं. त्या भावापायी सरांनी शहरातली नोकरी सोडून ही शाळा काढली होती. पालकांनाही आम्ही पहिल्या दिवशी बजावत असू: सुट्टीत घरी खुणा करू नका, वर्षाचं काम आठ दिवसांत पुसलं जातं. हे सांगायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी मनापासून करत असे.

मुलं ती मुलंच. हौदामागे, वाळत घातलेल्या चादरींआड त्यांचे हात चालू असत. मलाही बावीस वर्षांत ते थोडंफार कळायला लागलं होतं, भिंतीपलीकडचं बोलणं कानावर पडावं तसं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. रविवारी अकरा ते साडेअकरा मात्र मी मुलांकडे पाठ करून मेथी निवडत बसायची, कारण तेव्हा 'वज्रकेतू' लागायचा.

वज्रकेतू एरवी घड्याळं दुरुस्त करणारा साधा चष्मेवाला माणूस. संकट आलं, की तोंडानं एक मंत्र म्हणायचा, अंगावर सोनेरी चिलखत चढायचं आणि मग तो उडायचा, धरणं थोपवायचा, आगगाड्या रोखायचा. मंत्र काय होता ते आमच्या शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. मुलांना तर नव्हतंच, मलाही नव्हतं. टीव्हीचा आवाज दीड वर्षापूर्वी गेला होता आणि तो दुरुस्तीला न्यावा असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. ऐकणार कोण? मी आणि चंद्रामावशी, आणि आम्हा दोघींना मेथी निवडायची असायची. त्या मेथी निवडताना अधूनमधून पडद्याकडे बघून म्हणायच्या, "हे मेलं उडतंय कशाला सारखं, चालत गेलं तर काय होतंय?"

त्या रविवारी तर माझं चित्त मेथीतही नव्हतं. बुधवारी जैतूनची परीक्षा होती.

शाळेत जागा अडतीसच, आणि दारात वाट बघणारी मुलं तिप्पट. म्हणून संस्थेचा ठराव होता, की तीन वर्षांत ज्या मुलाला पन्नास शब्द स्पष्ट म्हणता आले नाहीत त्यानं घरी जायचं, त्याची जागा दुसऱ्याला. जैतूनला तीन वर्षांत अकरा शब्द आले होते. तिचा बाप दस्तगीर कलईगर, गावोगावच्या बाजारात बसून तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करायचा. त्याला पत्र गेलं होतं: बुधवारी या, मुलीचं अंथरूण बांधायला दोरी घेऊन या. दोन जिल्ह्यांत तिच्यासाठी दुसरी शाळा नव्हती. इथून गेली, की तिचं शिकणं संपलं.

म्हणून तिनं तिसऱ्यांदा माझा हात गळ्यावर नेला, तेव्हा मी तिचे दोन्ही हात धरून खाली केले. म्हणाले, "तोंडानं सांग."

तिनं खालचा ओठ दातांखाली धरला. 'व'साठी धरायचा असतो तसाच, अगदी बरोबर. पण नुसती हवा आली. दुसऱ्यांदाही हवाच. मग ती स्वयंपाकघरात गेली, मिठाच्या पाण्यानं शहाण्यासारख्या गुळण्या केल्या, मला आ करून दाखवलं आणि अंगणात पळाली. तिला काहीही झालेलं नव्हतं. माझं मन मोडू नये म्हणून तिनं त्या गुळण्या केल्या, हे मला फार पुढे उमगलं.

अंगणात हौदामागे कोंडाळं जमलं होतं. मी खिडकीतून पाहिलं. मधोमध जैतून, आणि भोवती मोठी मोठी मुलंसुद्धा तिच्याकडे टक लावून. एकजण मध्येच काही विचारायचा, ती त्याला सांगायची, दुसरी दोघं डोकी हलवायची. तासभर ते हात थांबले नाहीत. दुपारी घरी पत्र लिहायचा तास असे. फळ्यावरचं 'मी खुशाल आहे' हे वाक्य मुलं पोस्टकार्डावर उतरवून घेत. त्या दिवशी झाडून सगळ्यांनी त्या वाक्याखाली एक चौकोन काढला होता आणि चौकोनाच्या आत दोन हात. मी विचारलं नाही. कार्डं गठ्ठा करून पेटीत टाकली.

सोमवारी सकाळी गावात वेगळीच हवा होती. दूधवाल्याची मुलं रुसली होती. सायकलच्या दुकानापाशी शाळेला जाणारी पोरं भांडत होती, की वज्रकेतू आता संपला, पुढच्या रविवारी बघायचा नाही, अर्धा तास फुकट गेला, एक संवाद नाही की मारामारी नाही. मी ऑफिसात गेले तर हळबे सरही त्याच पंक्तीत.

"होनरावबाई, काल तो वज्रकेतू पाहिलात की नाही? नातवानं जेवण टाकलं हो."

मी म्हटलं, आमच्या टीव्हीला आवाज नाही, मला त्यातलं काही कळत नाही. मग त्यांनीच सगळं सांगितलं. कालमुख नावाचा राक्षस एक शंख वज्रकेतूच्या गळ्याला लावतो आणि त्याचा आवाज शंखात ओढून घेतो. आवाज नाही तर मंत्र नाही, मंत्र नाही तर चिलखत नाही. मग राक्षस त्याला धरणाखालच्या काचेच्या खोलीत कोंडतो. धरणाचं दार उघडतं, खाली वस्ती. काचेबाहेर एक फुलवाली पोर उभी. हा आतून हातवारे करतो, ती धावत जाऊन चाक फिरवते, दार बंद होतं, वस्ती वाचते.

"आता मला सांगा," सर म्हणाले, "त्या पोरीला कसं कळलं? डावीकडचं चाक, तीन वेढे, मग थांब. एवढं सगळं हातवाऱ्यांवरून? लिहिणाऱ्यानं काही आगापिछाच दिलेला नाही. नातू विचारतोय, आजोबा, तिला कसं कळलं? मी काय डोंबल सांगणार?"

मी विचारलं, "सर, त्याचा आवाज गेला हे दाखवलं कसं?"

"कसं म्हणजे? ओरडतो, शेजारचे लोकसुद्धा वळून बघत नाहीत. मग गळ्यावर हात ठेवतो आणि मान हलवतो. अहो, बाई? बसा, बसा. काय झालं?"

मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं असेल.

मंगळवारभर मी जैतूनकडून 'पाणी' म्हणवून घेत बसले. पन्नासांतले निदान पंधरा तरी व्हावेत, निदान सरांना दया यावी, असा माझा वेडा हिशेब होता. कागदाची पट्टी तिच्या ओठांसमोर लोंबत राहिली. ती फुगे फुगवावेत तसे गाल फुगवायची, पट्टी हलायची, पण 'आ'ला पोचेपर्यंत आवाज नाकात जायचा. साठ वेळा तरी झालं असेल. एकदाही तिनं कंटाळा दाखवला नाही. उलट मी थकून भिंतीला टेकले तेव्हा तिनंच तर्जनी हवेत गोल फिरवली. परत. माझंच नाव मला दाखवून ती गालात हसली. नियमाप्रमाणे मी 'हात खाली' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

बुधवारी दस्तगीरभाई साडेनऊलाच आला. धुतलेला सदरा, नखांत कल्हईचा काळा रंग, काखेत काथ्याच्या दोरीचं वेटोळं. मी त्याला ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं. दार उघडंच होतं. आत सर, मी आणि जिल्ह्याहून आलेले कानाचे डॉक्टर. डॉक्टरांनी चित्रांची पानं एकेक करून जैतूनसमोर धरली. आई. भात. मामा. मग पाण्याचं चित्र आलं. पट्टी नसतानाही मला ती हललेली दिसली, पण डॉक्टरांना काही वेगळंच ऐकू आलं असावं. त्यांनी मान हलवली. येत होते त्यांतलेही दोन शब्द भीतीनं गेले.

सरांनी रजिस्टरच्या रकान्यात लिहिलं: नऊ. लिहून झाल्यावर ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.

"बाई, तुमच्या कष्टांत कमी नव्हती," ते म्हणाले. "काही मुलांना नाही होत."

"सर, एक विचारू? रविवारचा वज्रकेतू तिला सांगू द्या."

"सांगू दे की."

"हातांनी, सर."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे. ते म्हणाले, बावीस वर्षं या खोलीत तुम्हीच हात खाली म्हणत आलात. मी म्हटलं, हो, मीच.  त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "पाच मिनिटं."

जैतूनचे हात मांड्यांखाली होते. मी ते बाहेर काढून टेबलावर ठेवले. तिला वाटलं, मी नखं बघतेय. तिनं बोटं पसरून दाखवली. मग मी माझी मूठ कपाळाशी नेली आणि उघडली. हौदामागे वज्रकेतूचं नाव असं घेतात, ते मी खिडकीतून कितीदा तरी पाहिलं होतं. केलं कधीच नव्हतं. जैतूनचं तोंड उघडंच राहिलं. तिनं सरांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

तिनं गोष्ट राक्षसापासून सुरू केली नाही, बाजारापासून केली. आधी बाजार उभा केला: इथं तराजू, इथं केळ्यांची गाडी, इथून एक गाय जाते. पुढे वज्रकेतू, चष्मा नाकावर, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालतोय. मग तिनं अंग जरा मागे घेतलं, खांदे लहान केले आणि ती एक पोर झाली. सुईत दोरा ओवला, फूल घातलं, दुसरं घातलं. बाजूला वाकून ती म्हातारी झाली, थरथरत्या बोटांची. पोरीनं म्हातारीला हातानं विचारलं, भूक लागली? म्हातारीनं हातानं सांगितलं, आधी हार पुरा कर.

मी तिच्या शेजारी बसून जे कळेल ते मोठ्यानं सांगत होते. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

"कुठली म्हातारी?" सर म्हणाले. "तिथं म्हातारी नव्हती."

जैतून थांबली नाही. राक्षस आला, शंख आला. तिनं तो शंख हवेतून उचलला तेव्हा त्याचे पीळसुद्धा दिसले. सरांकडून ऐकलेलं विसरून मी नुसते तिचे हात वाचत म्हणाले, "मग राक्षसानं त्याचा गळा चिरला," आणि माझे ओठ बघून तिनं माझ्या मनगटावर टिचकी मारली. नाही. माझा हात घेतला, माझ्याच गळ्यावर ठेवला आणि मला बोलायची खूण केली. मी 'आ' म्हटलं. गळा थरथरला. मग तोच हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून तिनं ओठ हलवले. गळा गप्प. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली, रविवारी हलवली होती अगदी तशीच.

"आवाज गेला," मी म्हणाले. "त्याचा आवाज गेला, सर. हे तिनं मला रविवारीच सांगितलं होतं. मी तिला गुळण्या करायला लावल्या."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले होते.

मग काचेची खोली आली. तिचे तळवे हवेत टेकले आणि आमच्या आणि तिच्या मध्ये खरोखर काच उभी राहिली. आतून वज्रकेतूचे हात: चाक, डावीकडचं, तीन वेढे, थांब. बाहेर फुलवाली, घाबरलेली, पळायच्या बेतात. आणि मग जैतूननं एक केलं. फुलवालीचा चेहरा तसाच ठेवून क्षणभर ती म्हातारी झाली, थरथरत्या बोटांची, आणि परत फुलवाली. डोळे मोठे झाले. पोर चाकाकडे धावली.

सरांच्या हातातलं पेन टेबलावर घरंगळलं.

"थांबा," ते म्हणाले. "बाजारात मागे एक म्हातारी होती खरी. मला वाटलं, नुसती गर्दी." ते स्वतःशीच बोलत होते. "आजीला ऐकू येत नाही. म्हणून पोरीला हात वाचता येतात. म्हणून कळलं तिला."

गावातल्या कुणालाच ती म्हातारी दिसली नव्हती. त्या वेळी पुढे वज्रकेतू बोलत होता ना, सगळे त्याचं ऐकत होते.

गोष्ट संपत आली होती. पाणी थांबलं, शंख फुटला. मग जैतूननं डावा हात वाटीसारखा धरला आणि उजव्या हाताची चिमूट त्या वाटीत भराभर गोल फिरवली, एकदा, दोनदा, आणि झटकन हात बाजूला घेऊन चेहरा उजळवला. मी अडले. ही खूण मी कधी पाहिली नव्हती. तिनं पुन्हा केली. मी म्हटलं, चाक फिरवलं? नाही. भोवरा? नाही. ती जीव तोडून तेच तेच करत होती, आणि पाच मिनिटं केव्हाच उलटली होती.

"कलई म्हनती ती, बाई."

दस्तगीरभाई दारात उभा होता. काखेतली दोरी तशीच.

"भांडं काळं पडलं, की भट्टीवर तापवायचं, कथील लावायचं, नवसागर टाकायचा आन् कापसाच्या बोळ्यानं असं फिरवायचं. एका फेऱ्यात लख्ख." त्यानंही हवेत तसाच हात फिरवला. "ती म्हनती, त्या गड्याच्या अंगाला कलई झाली. पुन्ना चमकाया लागला. मंतर न म्हनताच."

जैतून बापाच्या हाताकडे बघत होती. टक लावून, पापणी न लववता.

"तुम्हाला तिचं सगळं समजतं?" सरांनी विचारलं.

"समजत हुतं की. लहानपनापासनं. तिची आई, ती आन् मी, आमच्या तिघांच्याच खुना हैत. ह्यो कलईचा हात तिनंच काडला, चार वरसांची हुती." त्यानं दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पन बाईंनी पैल्या दिवशीच सांगितलं न्हवं, घरी हातानं बोलू नका म्हनून. तवापासनं बंद केलं. सुट्टीला घरी आली, की ती हात उचलती आन् मी तोंड फिरवतो. तिची आई तर चुलीकडं तोंड करून बसती. तीन वरसं झाली. एक डाव बी मोडलं न्हाई, बाई. तिच्या भल्याचं हाय म्हनून."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. सांगितलेलं काम चोख केलं, एवढंच तो सांगत होता. तो माझ्याकडेच बघून बोलत होता आणि मला त्याच्याकडे बघता येईना. मी टेबलावरची चित्रं गोळा करायला लागले. आई, भात, मामा. 

सर उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच उभे राहिले. बाहेर हौदापाशी कपडे धुणारी मुलं होती. त्यांचे हात चालू असणार, आणि सरांना ते दिसत असणार. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "माझा भाऊ चिंच मागायचा ना, तर असं करायचा." त्यांनी काय केलं ते आम्हाला दिसलं नाही.

मग ते परत येऊन बसले. डॉक्टरांनी हळूच विचारलं, शेऱ्यात काय लिहायचं?

"शब्द नऊच आहेत, नऊच राहू देत," सर म्हणाले. "पुढचं मी लिहितो." आणि दाराकडे बघून, "दस्तगीरभाई, ती दोरी घरी घेऊन जा. आणि मे महिन्यात ही घरी येईल तेव्हा तोंड फिरवू नका."

 दस्तगीरभाईनं दोरी खाली ठेवली, लेकीकडे पाहिलं आणि डाव्या हाताच्या वाटीत उजवी चिमूट गोल फिरवली. जैतूनचा सबंध चेहरा हलला.

एवढ्यावर परीक्षा संपली होती. डॉक्टर पिशवी आवरत होते. पण सर बसूनच राहिले, आणि मग मी त्या खोलीत जे कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. अठ्ठावन्न वर्षांच्या हळबे सरांनी, नातवाला संध्याकाळी दाखवायचं म्हणून की आणखी कशासाठी ते त्यांचं त्यांना ठाऊक, आपला उजवा हात उचलला. मूठ वळली, कपाळाशी नेली आणि उघडली. वज्रकेतू.

जैतूननं ते नीट बघितलं. तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. ती खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून सरांजवळ गेली, त्यांचं मनगट धरलं, बाहेर राहिलेला अंगठा मुठीच्या आत घातला, कोपर जरा वर उचललं. मी हनुवटी धरून ओठ नीट करते, तसं. मग दोन पावलं मागे सरून तिनं तर्जनी हवेत गोल फिरवली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ती खूण कळली नव्हती.

"परत, सर," मी म्हणाले.

सरांनी परत केलं.